शेजारची पोरं कुठे गेली

लग्न होऊन मी पांढुर्ण्याला आले तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून प्राथमिक शाळेच्या एक बाई राहत होत्या. त्यांचे यजमान घराच्या पुढच्या खोलीत सायकलदुरुस्तीचं दुकान चालवत. मी एकीला बाई म्हणायची आणि दुसऱ्याला भाऊ. बाई जितक्या अबोल, तितके भाऊ बोलके. चाकाचे स्पोक कसता कसता ते गिऱ्हाइकाच्या घरची सगळी हकीकत काढून घेत, पण स्वतःच्या घरचं एक अक्षर बाहेर जाऊ देत नसत. हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यांना मूल नव्हतं. मी आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे दोन मुलं आली, बाईंच्या चुलतबहिणीची. ती बहीण आणि तिचा नवरा आजारपणात एकामागोमाग गेले होते. बाईंनी दोघांना रीतसर दत्तक घेतलं, ओळीत घरोघरी साखर वाटली, आणि त्यापलीकडे काही सांगितलं नाही.

मोठी आठएक वर्षांची होती, धाकटा पाचेक. मोठी पहिल्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि माझी पोळी कुठे जाड राहते ते मला दाखवू लागली. तेव्हापासून ती माझ्या सासूबाईंची फार लाडकी झाली. धाकटा सायकलची जुनी रिम काडीनं पिटाळत दिवसभर गल्लीतून पळे. त्या खडखडाटानं दुपारची झोप उडाली म्हणून कुरकुरणारे लोकही, तो पडला की गूळ घेऊन धावत.

मोठीची एक सवय होती. खायला काहीही दिलं की त्यातला थोडा भाग ती फ्रॉकच्या खिशात ठेवी.

"हे चिमणीले," म्हणे.

मला वाटे, किती मायाळू पोरगी, पाखरांची आठवण ठेवते. मीही मग अंगणात तांदळाची कणी टाकू लागले.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि एका सकाळी गल्ली अगदी शांत वाटली. रिमचा आवाज नाही. माझ्या पोळ्यांना नावं ठेवायलाही कोणी आलं नाही. दुपारी मी दुकानाशी जाऊन भाऊंना विचारलं, "पोट्टे दिसून नाही राहिले आज?"

"गावाले गेले," भाऊ म्हणाले.

कोणत्या गावाला, ते विचारणार तोच एक दूधवाला पंक्चर झालेली सायकल ओढत आला, आणि भाऊंनी त्याच्या म्हशीची चौकशी सुरू केली. मी परत फिरले.

दिवाळी झाली. शाळा उघडली. बाई रोज छत्री काखेत धरून शाळेत जाऊ लागल्या, पण पोरं काही आली नाहीत. मग नळावर चर्चा सुरू झाली.

आमच्या ओळीला एकच सरकारी नळ होता आणि तिथल्या बोलण्याच्या पुढारी होत्या कोपऱ्यावरच्या काकू. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. कोणाच्या घरी आजारपण असलं तर पहिला डबा त्यांचा जायचा. पण एखादी गोष्ट माहीत नाही हे त्यांना सहन होत नसे.

"अनाथालयात नेऊन घातले असतील," काकू म्हणाल्या. "दोघंजण नोकरी-धंद्याचे. पोट्टे सांभाळणं झालं नसन."

"नाही वो, पोट्ट्यायचा सख्खा काका उभा राहिला असन," दुसरी म्हणाली. "शेताच्या हिश्श्यासाठी घेऊन गेला असन."

तिसरीनं तर नागपुरात सर्कस आली आहे, असं सांगितलं. "त्या पोट्ट्याचं रिमावर ध्यान पाहिलं होतं ना तुम्ही? अशे पोट्टे सर्कसवाल्यायले लागतातच."

दोन दिवसांनी काकूंनी नवी बातमी आणली. त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान होतं. भाऊ तिथे आले होते आणि एक फ्रॉक घेऊन गेले होते. "इतकुसा," काकूंनी हाताची वीत करून दाखवली. "मोठीचं तं डोकंही जाणार नाही त्यातून."

घागर भरून वाहू लागली तरी कोणी उचलली नाही.

"मंग कोणासाठी घेतला?" एकीनं हळूच विचारलं.

"तेच तं," काकू म्हणाल्या.

त्यातच कोणीतरी भाऊंना बसमधून रिकामी पिशवी घेऊन उतरताना पाहिलं. जाताना ती पिशवी भरलेली होती, हे काकूंनी ठरवलं. जाताना त्यांना कोणीच पाहिलं नव्हतं.

मी नवी सून. मी बहुधा ऐकायचंच काम करी. एकदा काकूंनी मलाच विचारलं, "तुमची तं भिंत एक हाये. काही आइकू येते का तिकडचं?"

"बाईले खोकला झाला हाये, तो आइकू येते," मी म्हटलं. थंडी पडली होती आणि बाईंना खरोखरच खोकला झाला होता.

हळूहळू बोलणं नळावरून बाजारात गेलं. एक पोलीस शिपाई सायकलीत हवा भरायला आला आणि हवा भरून झाल्यावरही घराच्या आतल्या दाराकडे बराच वेळ पाहत उभा राहिला. भाऊंनी त्याला चहा पाजला. शाळेतल्या मोठ्या गुरुजींनी बाईंना मुलांच्या गैरहजेरीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "त्यांची रजा मी सांगितली आहे, येतील." बाई आता नळावर गर्दी ओसरल्यावर येऊ लागल्या. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी एक-दोनदा बाईंची घागर आपल्या घागरीच्या मागे नंबरात लावून ठेवली. विचारलं मात्र त्यांनीही नाही.

त्याच सुमारास सौंसरला माझ्या मावशीच्या मुलीचा साखरपुडा, आमच्याकडे म्हणतात तसं साक्षगंध, ठरला आणि मी एकटीच बसनं तिकडे गेले. मुलाकडची मंडळी जेवून उठली, बायका संत्री सोलत ओसरीवर बसल्या, आणि मावशीच्या शेजारची एक बाई सांगू लागली.

"पांढुर्ण्यात एक मास्तरीण हाये म्हणे. दोन पोट्टे दत्तक घेतले अन् दोन्ही गायब. पोलिसायनं घराची झडती घेतली. एक इतकुसा फ्रॉक भेटला."

माझ्या हातातलं संत्रं हातातच राहिलं.

"अन् शेजारच्या सुनेनं तं आपल्या कानानं आइकलं म्हणते," ती पुढे म्हणाली. "रोज भिंतीपलीकडून लेकरायच्या रडण्याचा आवाज ये. अन् एक दिवस बंद झाला."

मी म्हटलं, "अवो, ती शेजारची सून मीच हाओ."

मला वाटलं, आता ती ओशाळेल. ती तर माझ्याजवळ सरकून बसली. "मंग सांग ना. काय काय आइकलं तू?"

"काही नाही आइकलं. बाईले खोकला झाला होता, तेवढंच."

तिनं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. मग बाकीच्यांकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "भ्याली बिचारी. सासरी बोलायची बंदी असन."

त्या वेळी मला रडू येत होतं, आता आठवलं की हसू येतं. हल्ली माझी नात मोबाइलवर असलं काहीबाही वाचून दाखवते. कुठल्यातरी लांबच्या गावातली दत्तक भावंडं दिसेनाशी होतात, आणि ज्यांनी ते घर पाहिलं नाही, ती मुलं पाहिली नाहीत, ते लोक रोज नवे तर्क लढवत बसतात. नातीला वाटतं, हे सगळं मोबाइलमुळे झालं. मी तिला सांगते, आमच्याकडे पांढुर्णा ते सौंसर एक बस होती, तेवढी पुरत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परतीच्या बससाठी सौंसरच्या बसस्टँडवर उभी होते. पांढुर्ण्याची बस आली आणि तिच्यातून बाई आणि भाऊ उतरले. भाऊंच्या खांद्याला मोठी पिशवी होती. मला पाहून दोघंही थबकले. मी इतक्या दिवसांत न विचारलेला प्रश्न तिथेच विचारला. "बाई, पोरं कुठी हायेत?"

"रामाकोन्याले," बाई लगेच म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी विचारलं, "काऊन वो? काय झालं?"

काय झालं ते मी सांगितलं नाही. बहुधा त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी मान हलवली. "चाल आमच्यासंगं," बाई म्हणाल्या. "आज लेकराले आणायचं हाये. आणखी एक माणूस असला तं बरं."

"कोणत्या लेकराले?"

"चाल तं खरं."

मावशीच्या घरी निरोप धाडून मी त्यांच्याबरोबर छोट्या लाइनच्या आगगाडीत बसले. ती गाडी इतकी सावकाश जायची की खिडकीतून शेतातल्या माणसाशी दोन वाक्यं बोलून व्हायची. त्या प्रवासात बाई जितक्या बोलल्या तितक्या मी त्यांना आधी कधी ऐकल्या नव्हत्या.

भावंडं दोन नव्हती, तीन होती. सगळ्यात लहान मुलगी आईबाप गेले तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. तिला रामाकोन्यात तिच्या आईच्या म्हाताऱ्या मावशीनं, मुलांच्या आजीनं, ठेवून घेतलं होतं. बाईंनी तेव्हाच तिघांना मागितलं होतं, पण आजीनं सांगितलं, ही माझ्याजवळच राहील. दिवाळीच्या आधी आजीचं मन थोडं वळलं. वय झालं होतं, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिनं होकार दिला, पण एक अट घातली.

"हिची माय गेली तवा हे लय रडली," आजी म्हणाली होती. "आता तुम्ही नेसान तं हासत नेसान. रडत नेत असान तं नाही देणार."

बाई आणि भाऊ दोनदा गेले आणि दोनदा रिकाम्या हातांनी आले. परकं माणूस जवळ आलं की पोरगी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून हंबरडा फोडायची. मग मोठीनंच सुचवलं, "मले अन् धाकट्याले तिथं ठेवा. आम्ही तिले शिकवतो." म्हणून सुट्टी लागल्याबरोबर दोघं तिथे जाऊन राहिली होती, आणि शिकवणं सुट्टीत संपलं नव्हतं.

"पण मग सांगितलं काऊन नाही?" मी विचारलं. "लोक काय काय बोलून राहिले, बाई."

"तू यायच्या पयले एक लेकरू आम्हाले देतो म्हटलं होतं नात्यात," बाई म्हणाल्या. "मी साऱ्या ओळीले सांगतलं. काकूनं पाळणा पाठवला, कोणी टोपडे शिवले. मंग त्यायचं मन बदललं. तो पाळणा परत नेऊन देणं मले जमून नाही राहिलं होतं. यायनंच नेऊन दिला."

भाऊंनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "म्हातारीचा काही भरवसा नव्हता," ते म्हणाले. "म्हटलं, घरी आली का सांगू. मंग लोकायनं बोलणं सुरू केलं तं वाटलं, बोलू द्या. पाळणा तं नाही पाठवून राहिले ना कोणी."

रामाकोन्यात आजीचं घर ठेसनापासून जवळच होतं. अंगणाच्या बाहेरूनच मला धाकट्याचा आवाज ऐकू आला, पण रिमचा नव्हे, शिटीचा. तो इंजिन झाला होता. त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मोठी, आणि मोठीच्या मागे तिच्या फ्रॉकचं टोक धरून एक इवलीशी पोरगी. सगळ्यांच्या शेवटी, दोन विटांवर ठेवलेल्या पाटावर, काठी हातात घेऊन आजी बसली होती. ती प्रवासी होती.

"सौंसर आलं, सौंसर," मोठी ओरडली. "उतरा, आता बसमंधी बसा."

मग तिनं आम्हाला पाहिलं आणि त्या लहानगीला म्हणाली, "चिमणे, पाह्य कोण आलं."

मी तिथेच उभी राहिले. माझ्या अंगणातल्या कण्या खाऊन पांढुर्ण्याची पाखरं त्या वर्षी चांगली गुबगुबीत झाली होती. पण ती चिमणी ही होती.

मोठीनं मला अगदी शाळामास्तरणीसारखं सगळं समजावून सांगितलं. आधी तिला आपल्या हातून खायला शिकवलं. मग बाई आणि भाऊ हे शब्द शिकवले. मग गाडीचा खेळ काढला, कारण तिला ठेसनाची भीती वाटायची. "आता ते रोज पांढुर्ण्याले जाते," मोठी म्हणाली, "अन् जेवायच्या टाइमाले वापस येते."

बाई खाली बसल्या. चिमणीनं त्यांच्याकडे पाहिलं, मोठीकडे पाहिलं, आणि रडली नाही. भाऊंनी पिशवीतून तो फ्रॉक काढला. पिवळा, त्यावर लाल बदकं. तिनं तो घालून घेतला आणि मोठीच्या फ्रॉकचं टोक पुन्हा धरलं. बाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण खोकला आला. खोकला संपला तरी पदर तोंडावरच होता.

दुपारच्या गाडीला आम्ही सगळे ठेसनावर गेलो. आजी पोचवायला आली. घराला कडी लावून, किल्ली कमरेला खोचून, अनवाणीच. वाटेवर धाकटा शिटी वाजवत पुढे आणि बाकीचे ओळीनं मागे. लोक बघत होते. गाडी आली. चिमणी बाईंच्या कडेवरून आत गेली, खिडकीजवळच्या बाकावर उभी राहिली आणि खुदकन हसली. आजीनं ते पाहिलं. तिनं बाहेरूनच हात जोडले आणि म्हणाली, "झालं माय. हासत चालली."

मग चिमणी बाकावर थोडी सरकली. शेजारची जागा हातानं थोपटली. "आजी, बस," ती म्हणाली.

मोठी आणि धाकट्यानं एकमेकांकडे पाहिलं. अंगणातल्या गाडीत आजी रोज बसत होती. आजी नसलेली गाडी चिमणीला कोणी शिकवलीच नव्हती.

ती रडत नव्हती, रुसली नव्हती. नुसती जागा थोपटत वाट पाहत होती. गार्डनं झेंडी काढली. आजीनं एकदा घराच्या दिशेनं पाहिलं, एकदा आपल्या पायांकडे, आणि काठी माझ्या हातात दिली. "सौंसरपर्यंत येतो मी," ती म्हणाली. मी तिला दंडाला धरून वर घेतलं. भाऊ तिकिटासाठी धावले आणि चालत्या गाडीत चढले.

सौंसरला चिमणी बसमध्ये बसली आणि पुन्हा जागा थोपटली. आजी म्हणाली, "बरं, पांढुर्ण्यापर्यंत येतो. एक दिवस राहतो अन् जातो." बसमध्ये भाऊंनी तिला आपल्या चपला काढून दिल्या. तिनं घातल्या नाहीत, पण सगळ्या वाटेनं मांडीवर घेऊन बसली.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बायका दारात बसल्या होत्या. धाकटा पुढे, मग मोठी, मग बाईंच्या कडेवर झोपलेली चिमणी, माझ्या हातात हात देऊन आजी, आणि अनवाणी भाऊ. कोपऱ्यावरच्या काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांची नजर आधी मुलांच्या डोक्यांवरून फिरली, मग फ्रॉकवर येऊन थांबली.

"हाच का तो?" त्यांनी विचारलं.

"हाच," बाई म्हणाल्या. "थोडा आखूड झाला."

काकू घरात गेल्या. मला वाटलं, लाजल्या. पण सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकेपर्यंत त्या परत आल्या आणि त्यांच्या मागून त्यांचा मुलगा डोक्यावर पाळणा घेऊन आला. चिमणीचे पाय त्या पाळण्याबाहेर आले असते, इतकी ती मोठी होती. बाईंनी पाळण्याकडे पाहिलं आणि हसल्या. "ठेवा," म्हणाल्या. पुढे कित्येक वर्षं त्यात संत्री ठेवलेली असायची.

दुसऱ्या दिवशी नळावर नवा विषय निघाला, ही म्हातारी नेमकी कोण. पण तो टिकला नाही, कारण आजी स्वतःच घागर घेऊन आली, नळाजवळच्या दगडावर बसली आणि सगळं सांगू लागली. आपलं लग्न, दीर, बैल, कन्हान नदीचा पूर, आपले डोळे, सगळं. तिसऱ्या दिवशी बायका घाईघाईनं पाणी भरून जाऊ लागल्या. कोणाला काही विचारायचं उरलंच नव्हतं. सासूबाई मात्र तिच्याजवळ बसून राहत. दोघी पुढे इतक्या जिवाभावाच्या झाल्या की भांडल्या तरी एकमेकींच्याच ओसरीवर बसून भांडत.

एक दिवस राहायला आलेली आजी चिमणी सातवीत जाईपर्यंत राहिली. उन्हाळ्यात ती तिन्ही पोरांना घेऊन रामाकोन्याला जाई आणि शाळा उघडायच्या आत परत येई. शेवटी तिला काहीच दिसत नव्हतं, तेव्हा चिमणी तिला हात धरून नळापर्यंत नेत असे. ती झोपेतच गेली, बाईंच्या घरी. बाईंनी शाळेतून रजा घेऊन तिचं सगळं मुलीसारखं केलं.

मोठी नर्स झाली. धाकट्यानं दुकान वाढवलं, आता मोटारसायकली दुरुस्त करतो आणि बापासारखाच बोलतो. चिमणी छिंदवाड्याला असते, तिला एक मुलगी आहे. त्या गाडीतलं तिला काहीही आठवत नाही. परवा दिवाळीला आली तेव्हा तिची मुलगी माझ्या मांडीवर बसली होती. त्या पोरीनं मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

"मंग खिडकीशी कोण बसलं?" तिनं विचारलं.

"आजी," मी म्हटलं. "तुझ्या आईनं खिडकी तिलाच दिली."